आखाडातला बस्ता

आमच्या घराण्यात प्रत्येकाच्या नावावर एकेक गुण टाकलेला आहे. थोरला भाऊ किन्हीराजाला शेती करतो, तो सरळ. मी रिसोडला शाळेत मास्तर, मी खरेदीत हुशार. ही हुशारी कधी सिद्ध झाली हे कुणालाच आठवत नाही. पण एकदा नावावर पडलेला गुण सातबाऱ्यासारखा असतो, सहजी उतरत नाही. मीही तो उतरू दिला नाही. मी कूलर डिसेंबरात घ्यायचो आणि स्वेटर एप्रिलात. एकदा एप्रिलात घेतलेलं स्वेटर मापाचं आहे का बघायला म्हणून अंगात घातलं आणि घामामुळे ते निघेना. बायको आणि मी, दोघांनी मिळून ते ओढून काढलं. तेव्हा बायको म्हणाली, “उद्या मयताच्या सामानावर सूट लागली तं तुमी घरात कोन मरते याची वाट पाहत बसान.”

मला ती स्तुती वाटली होती.

शाळेतले सहकारी फ्रिज घेण्याआधी मला विचारायचे. मोबाइलवर सेल लागला की कुणीतरी फोन पुढे करायचं, “सर, हे खरंच स्वस्त हाये का?” मी चष्मा कपाळावर सरकवून पाहायचो, थोडा थांबायचो आणि म्हणायचो, “थांबा आठ दिवस.” आठ दिवसांनी भाव उतरला की मी हुशार. चढला तर, “घ्यायची होती ना तवाच!”, तरीही मीच हुशार.

भावाच्या मुलीचं, म्हणजे माझ्या पुतणीचं, साक्षगंध वैशाखात झालं. मेडशीचं घर. मुलगा चांगला, शेती बरी, एक सासू आणि तिच्या शब्दावर चालणारं सगळं घर. लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं. आमच्याकडे लग्नाचे कपडे सुटे सुटे घेत नाहीत. लग्नाच्या महिनाभर आधी दोन्हीकडची माणसं एकाच दुकानात गादीवर बसतात, चहा होतो, रुसवेफुगवे होतात आणि नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं एका गठ्ठ्यात बांधून निघतं. याला बस्ता फाडणं म्हणतात. त्यात मुलीकडून मुलाकडच्या बायकांना मानाच्या साड्या द्यायच्या असतात. त्या ज्यांना नेसायच्या त्यांनीच हात लावून पसंत करायच्या, अशी रीत आहे. ही रीत कुणीतरी फार शहाण्या माणसाने पाडली असावी. ते मला उशिरा कळलं.

आखाड लागला आणि रिसोडच्या एका मोठ्या कापड दुकानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पडदा लागला: आषाढ महासेल, पन्नास टक्के सूट. माझ्या अंगात आलं. मी भावाला फोन लावला.

“आखाडात बस्ता कोनी फाडते का रे?” तो म्हणाला. मागे बैलाच्या गळ्यातली घंटी वाजत होती, शेतात डवरणी चालू होती.

“कपड्याले कोनता आला आखाड? दिवाळीनंतर हेच लुगडं दुपटीनं घेशीन.”

“इवायाचे लोक येतीन का पन?”

“त्याईच्याशी मी बोलतो. तू फक्त हो मन.”

तो हो म्हणाला. मी सांगितलं की तो हो म्हणतो, हे माझ्या हुशारीचं एक मोठं भांडवल होतं.

विहीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “आखाडात आमी नाई येत बाप्पा बस्त्याले. पन तुमी मास्तर मानूस, तुमीच करा पसंत. नऊ बायका हायेत मानाच्या. आमचा इस्वास हाये तुमच्यावर.”

भावाला शेतातून सवड नव्हती, त्याने पैसे पाठवले. मी आणि बायको दुकानात गेलो. दारात साड्यांचा एक ढीग होता, त्यावर बाया वाकून उचकापाचक करत होत्या. मी त्यांच्या अंगावरून सरळ आत गेलो आणि पांढऱ्या गादीवर बसलो. आधी मानाच्या नऊ साड्या निवडल्या. प्रत्येकीवर छापील लेबल, चोवीसशे. सूट जाऊन बाराशे. नोकर लेबलं काढायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला.

“राहू दे.”

“द्यायच्या ना साड्या, सर?”

“मनूनच राहू दे.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं, पण चारचौघांत ती बोलत नाही. देणारा बाराशे देतो आणि घेणारीला चोवीसशे दिसतात, यात खोटं काय आहे, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता चहा घेतला. अर्ध्या पैशात पूर्ण मोठेपणा. उरलेले पैसे मी भावाला परत पाठवले तेव्हा तो म्हणाला, “तुह्यामुळं झालं बावा.” ते वाक्य मी पुढे चार महिने ज्याला त्याला ऐकवलं.

लग्न व्यवस्थित झालं. मानाच्या साड्या ताटातून गेल्या, लेबलं वर दिसतील अशा घडीने. ती घडीही मीच बसवली होती. विहीणबाई खूश. त्यांनी गावात सांगितलं, “एकेक साडी चोवीसशेची देली माह्या इवायानं.” त्यांनी हे सांगितलं नसतं तर पुढचं कदाचित एवढं चिघळलं नसतं. पण माणूस मान मिळाला की सांगतोच. मी तरी कुठे गप्प बसलो होतो?

पुढच्या वैशाखात त्यांच्या नात्यात एक लग्न निघालं. विहीणबाईंनी पेटीतून साडी काढली. नेसताना लेबल टोचायला लागलं म्हणून त्यांच्या जावेने ते नखाने खरवडलं. ते निघालं. त्याच्याखाली दुसरं लेबल होतं, साडेआठशेचं. खोलीत पाचसहा बायका होत्या. जाऊबाई म्हणाल्या म्हणे, “चोवीसशेची साडी उतरली का वं एका नखात?” मग घरोघर पेट्या उघडल्या. नऊच्या नऊ साड्यांना दोन दोन लेबलं.

हे मला पुतणीने फोनवर सांगितलं. हळू बोलत होती, गोठ्यात जाऊन बोलत असावी.

“काका, सासूबाईले वाटून राह्यलं का तुमीच वरून लेबलं लावले. तुमी एक फोन करा. दुकानवाल्यानं फसवलं मना. आमी फसलो मना. बस.”

“करतो ना. त्यात काय!”

पण आधी मी दुकानात गेलो. शेठ ओळखीचा, वयाने माझ्याएवढाच. मी आवाज चढवला. त्याने मला गादीवर बसवलं आणि गिऱ्हाईक नसल्यामुळे निवांत बोलला.

“सर, आखाडात लग्नं नाई, सन नाई. मले नोकराचे पगार तं द्या लागतात. मंग मी सेल लावतो. आता साडेआठशेची साडी सव्वाचारशेत देऊ का मी?”

“मंग पन्नास टक्के कशाचे?”

“चोवीसशेचे!” तो हसला. “तुमी गणित शिकवता ना?”

“मी इतिहास शिकवतो.”

“मंग तं तुमाले माहीत पायजे. दरवर्षी हेच होते.” मग तो जरा सरकून बसला. “खरं सांगू? खरी सूट दारातल्या ढिगाले असते. डाग पडेल, घडी मोडेल, एकच नग उरेल असा माल. ते मी खरंच घाट्यात विकतो, जागा रिकामी व्हावी मनून. त्या वाकून पाहनाऱ्या बाया कमाई करून जातात. पन तुमच्यासारखे लोक ढिगात हात नाई घालत. तुमाले गादीवर बसून सूट पायजे.”

मी म्हटलं, लिहून दे, की लेबलं दुकानात लागली. त्याने पाणी मागवलं माझ्यासाठी.

म्हणजे सेलच्या आधी ज्या दिवशी मी गेलो असतो त्या दिवशी मला ती साडी साडेआठशेला मिळाली असती. मी सेलची वाट पाहून, मुहूर्त मोडून, विहिणीला बाजूला ठेवून, प्रत्येक साडीमागे साडेतीनशे जास्त देऊन आलो होतो. आणि वर भावाकडून आभार घेतले होते.

घरी येऊन मी विहीणबाईंना फोन लावला. “फसलो” एवढाच शब्द बोलायचा होता. तीन अक्षरं. शाळेत पोरांना मी रोज सांगतो, चुकलं तर चुकलं म्हणा. पण डोळ्यापुढे शाळेतली स्टाफरूम आली, त्या सगळ्यांचे फ्रिज आले, आणि तोंडातून निघालं ते असं: “काय असते विहीणबाई, ते जुन्या भावाचं लेबल असते. मंधात कंपनीनं भाव वाढवले.”

“साडेआठशेचे चोवीसशे?” त्या म्हणाल्या. “सोनं बी येवढं नाई वाढलं मास्तर.”

“साड्यात असते तसं.”

“असन बा. तुमी शिकेल मानूस.”

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, मिटलं.

ते मिटलं नव्हतं, मेडशीच्या त्या घरात माझ्या पुतणीच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं. तिला कुणी हात लावला नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त तिचं कुठलंही बोलणं कुणी आहे तसं घेईना. भाजीत मीठ टाकलं म्हणाली की सासू आधी चाखून पाहायची. दूध मोजून आणलं म्हणाली की पुन्हा मोजलं जायचं. एक दिवस तिच्या अंगावरचे माहेरचे दागिने घेऊन सासू तिला मालेगावला सोनाराकडे घेऊन गेली. तो कसाला लावून पाहीपर्यंत ती बाकावर बसून राहिली. सोनं खरं निघालं. सासू म्हणाली, “हे तुह्या बापानं घेतलं असन, काकानं नाई.” हे मला पुतणीनेच सांगितलं, आणि सांगताना हसली. ते हसू मला झेपलं नाही. मी लगेच विषय बदलून सोयाबीनचा भाव विचारला.

पावसाळ्यात तिला ताप आला. दोन दिवस ती म्हणत होती, अंग मोडून येतंय, उभं राहवत नाही. आणि दोन दिवस घर म्हणत होतं, पाहू. सासूने कपाळाला हात लावला तेव्हा नेमका ताप उतरलेला होता. तेवढं पुरलं. तिसऱ्या दिवशी ती चुलीपाशी पडली. मग मात्र जीप करून तिला वाशिमला नेलं, चार दिवस सलाइनवर ठेवलं. नवरा दवाखान्यात उशाशी बसून होता, त्याचं मी वाईट म्हणणार नाही. भावाने फोन केला तेव्हा त्याला एवढंच माहीत होतं की पोरगी तापाने पडली. “आता बरी हाये,” तो म्हणाला. “वातावरनच तसं हाये.”

मला माहीत होतं कशाचं वातावरण आहे ते.

ती घरी आल्यावर पंधरा दिवसांनी मी निघालो. बायको म्हणाली, “आता तरी खरं बोलजा. मूर्ख मनतीन, दुसरं काय? आमी तं कधीपासूनच मनतो.” रिसोडहून मालेगाव, मालेगावला एसटी बदलून मेडशी. वाटभर मी वाक्य घोकत होतो: विहीणबाई, मी फसलो, दुकानदाराने मला बनवलं, पोरीचा यात काही दोष नाही. जोडीला बिल घेतलं होतं, बाराशेप्रमाणे नऊ साड्यांचं.

येतो म्हणून पुतणीला कळवलं होतं. ती स्टँडवरच भेटली. चक्कीवरून दळण आणल्याचं निमित्त केलं होतं, कमरेवर पिठाचा डबा. गळ्याची हाडं दिसत होती. पाया पडायला वाकली तर मीच डबा धरला.

“काका, तुमी काय बोलनार हाय घरी?”

मी घोकलेलं वाक्य म्हणून दाखवलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “आता नका बोलू.”

“काहून?”

“मी सांगून टाकलं. दवाखान्यातून आल्यावर. मनलं, हाव, काकानंच लावले लेबलं. मले लग्नाच्या आधीच माहीत होतं, भीतीनं बोलली नाई, माहं चुकलं.”

एसटी धूर सोडून अकोल्याकडे निघून गेली.

“अवं पन तुले काय माहीत होतं? अन् हे खरं बी नाई!”

“खरं मी तीन महिने सांगतलं काका. दुकानवाल्यानं केलं मनून सांगतलं. तुमी फोनवर भलतंच सांगतलं, मंग मीच खोटी पडली.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “आता घर शांत हाये. सासूबाई मनल्या, कबूल केलं ना, मंग झालं. काल तं पेटीची चाबी देली माह्याजवळ. आता तुमी दुकानवाल्याचं नाव घेसान तं मी पुन्हा खोटी. मंग मले कोन इचारन?”

“अन् तुह्या बाबाले?”

“त्याईले बी नका सांगू. ते सरळ मानूस हायेत. इकडं येऊन बोलून जातीन.”

तिने डबा परत कमरेवर घेतला आणि पुढे निघाली, मी मागून. बिल वरच्या खिशात होतं, ते मी आतल्या खिशात घातलं.

विहीणबाईंनी ओसरीत सतरंजी टाकली. पाणी दिलं. शेजारच्या जाऊबाई कसल्याशा निमित्ताने आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. पाऊसपाणी झालं, माझ्या शाळेचं झालं. मग विहीणबाई म्हणाल्या, “मास्तर, एक इचारू का? राग नाई ना येनार?”

“इचारा ना.”

“ते लेबलं तुमीच लावले होते ना?”

आत स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला.

आयुष्यभर मला एकाच गोष्टीची धास्ती होती, की कुणी आपल्याला मूर्ख म्हणेल. मूर्ख म्हणवून घ्यायची तयारी करून मी तिथवर आलो होतो, आणि आता तेवढंही माझ्या वाट्याला नव्हतं.

“हाव,” मी म्हणालो. “मीच लावले.”

“कुठून छापून आनले?” जाऊबाईंनी विचारलं. त्यांना खरंच उत्सुकता होती.

याची तयारी मी केली नव्हती. “वाशिमहून,” म्हणालो.

“पाय बाई, येवढ्यासाठी वाशिमले गेले!” जाऊबाई म्हणाल्या. “अन् मंग फोनवर कंपनीचं कायले सांगतलं?”

“लाज वाटली.” त्या दिवसातलं हे माझं एकुलतं एक खरं वाक्य.

विहीणबाईंनी शिव्या दिल्या नाहीत, माझी त्यांच्याबद्दलची हीही अटकळ चुकली. त्या आतल्या बाजूला तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, “सूनबाई, चहा आन. काकाले साखर जरा जास्त टाक.” आणि माझ्याकडे वळून सावकाश म्हणाल्या, “पोरगी खरं बोलली होती तं. आमाले वाटे, ते बी एक लेबलच असन.”

पुतणी चहा घेऊन आली. तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि सासूच्या शेजारी जाऊन बसली.

आता लोक मला सेलबद्दल कमी विचारतात, कारण मीच कमी बोलतो. एकदा एका नव्या मास्तरीणबाईंनी विचारलं, “सर, सेलमध्ये खरंच स्वस्त भेटते का हो?” मी म्हणालो, भेटते, ढिगात वाकून पाहिलं तर. त्यांना तो विनोद वाटला. हे लिहिताना मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, त्या दुकानदाराचंही नाही. मेडशीला हे कुणाच्या हाती पडलं तरी ते कुणाचंही घर वाटावं.

पुतणीला दिवस गेले. डोहाळजेवणाला मेडशीहून भावाला आणि वहिनीला बोलावणं आलं, आम्हाला आलं नाही. ते ठीक होतं, तसं होणारच होतं. भाऊ जेवून आला आणि दुसऱ्या दिवशी बाजारच्या निमित्ताने रिसोडला माझ्याकडे आला. चहा घेतला. बायको आत गेली. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“तिथं बाया बोलत होत्या,” तो म्हणाला.

“काय?”

“साड्या साडेआठशेच्या होत्या मने. तू मले बाराशे सांगतले होते.”

कपाट त्याच्या पाठीमागेच होतं. बिल कपाटात होतं. चार पावलं. पण बिल पाहिल्यावर तो एक दिवसही थांबला नसता. पहिल्या एसटीने मेडशीला गेला असता, माझ्या भावाने हे केलं नाही म्हणून भर ओसरीत सांगून आला असता, आणि संध्याकाळपर्यंत सुनेजवळची चाबी परत सासूच्या कमरेला गेली असती. मी उठलो नाही.

“पैसे लागत होते तं मांगाचे असते,” भाऊ म्हणाला. “मी नाई मनलो असतो का?”

“चुकलं,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली, टोपी घातली. दाराशी जाऊन चपला पायात सरकवताना, माझ्याकडे न पाहता म्हणाला, “तुह्या वहिनीले सांगू नको, मी बोललो मनून. तिले वाईट वाटन.”